आराखड्यात नसलेली पॅन्ट्री

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र. मुंबईच्या कामा रुग्णालयात प्रसूतीपूर्व वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या आणि अंजली कुलथे या अधिपरिचारिका रात्रपाळीला होत्या. सीएसटी स्थानकात गोळीबार करून दोन दहशतवादी कामा रुग्णालयाच्या आवारात घुसले, ते कुलथेंनी खिडकीतून पाहिलं. रुग्णालयाच्या दोन रखवालदारांना त्या दोघांनी गोळ्या घातल्या. वॉर्डातली एक कर्मचारी बाईही जखमी झाली. कुलथेंनी वॉर्डाची जड दारं ओढून घेतली, दिवे मालवले आणि विसाच्या वीस बायकांना पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. बाहेर गोळ्यांचे आणि हातबॉम्बचे आवाज चालू होते. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांना वॉर्डापर्यंत येणं शक्य नव्हतं. मग तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने, अंधारात चाचपडत कुलथेंनी तिला लेबर रूमपर्यंत नेलं. बाळंतपण सुखरूप झालं.

पुढे कसाबला ओळखायची वेळ आली तेव्हा त्यांनी ओळखलं आणि न्यायालयात साक्षही दिली, तीसुद्धा परिचारिकेच्या गणवेशातच द्यायची असा आग्रह धरून. १५ डिसेंबर २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी त्या रात्रीची हकिकत सांगितली.

दर नोव्हेंबरात ही गोष्ट आपण पुन्हा सांगतो. ‘शूर परिचारिका’ म्हणतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि डिसेंबर उजाडतो. कुलथे शूर होत्याच, त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत सिस्टर म्हणून काढली आहेत, त्यातली जवळजवळ निम्मी कॅज्युअल्टीत. मला ही गोष्ट ऐकताना दरवेळी त्या पॅन्ट्रीपाशी थांबायला होतं. चहा-दूध गरम करायची, जेवणाचे ट्रे मांडायची ती खोली. कुठल्या आपत्ती आराखड्यात ‘हल्ला झाल्यास रुग्णांना पॅन्ट्रीत हलवावे’ असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ते त्या सिस्टरला माहीत होतं. कुठलं दार आतून बंद होतं, वीस बायका कुठल्या खोलीत मावतील, लेबर रूमच्या वाटेवर वळण कुठे आहे, हे ज्या बाईने वर्षानुवर्षं त्या वॉर्डात नाइटा काढल्यात तिच्या पायांना ठाऊक असतं. त्या रात्री त्या वॉर्डाची सगळी सज्जता एका बाईच्या आठवणीत साठवलेली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. सामूहिक हिंसाचाराच्या प्रसंगी पहिला अर्धा तास रुग्णालय चालवते ती ड्युटीवरची परिचारिका. मग आपली तयारी तिच्याभोवती उभी करायला हवी. तिला निर्णयाचा लेखी अधिकार हवा, तिच्या हाताला साहित्य लागायला हवं आणि तिला आपला वॉर्ड पाठ असायला हवा. आज यातलं काहीच नेमाने होत नाही. आपण तिच्या धाडसाच्या भरवशावर बसलो आहोत.

त्याच रात्री सीएसटीवर दुसरी एक गोष्ट घडली होती. विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक. त्यांनी वरच्या केबिनमधून गोळीबार पाहिला आणि माईकवरून प्रवाशांना सांगायला सुरुवात केली की इकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडा. कितीतरी लोक त्या आवाजामुळे वाचले. झेंडेंपाशी धैर्य होतं, तसाच हाताशी माईकही होता. आणि रोजचं कामच घोषणा करण्याचं असल्यामुळे ‘मी बोलू का?’ असं कुणाला विचारत बसावं लागलं नाही. रुग्णालयातल्या सिस्टरची अडचण इथेच आहे. तिला सगळं दिसत असतं आणि कळतही असतं, पण बोलायची परवानगी दुसऱ्या कुणाकडे असते.

२६/११नंतर राज्याने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. फोर्स वन ही राज्य पोलिसांची कमांडो तुकडी उभी राहिली, एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं केंद्र मुंबईत आलं, किनाऱ्यावर गस्त वाढली. पोलीस कुठे कमी पडले याची चौकशी करायला राम प्रधान समिती नेमली गेली. त्या रात्री जखमींना झेलणाऱ्या सेंट जॉर्ज, जी.टी., जे.जे. आणि खुद्द कामा या रुग्णालयांनी त्या साठ तासांत काय शिकलं, ते मात्र तितक्याच गांभीर्याने एकत्र लिहून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत पोहोचवलं गेलं नाही. निदान मी ज्या वॉर्डांत काम केलं तिथवर ते आलं नाही. आलं ते धातुशोधक दार, फाटकावर जादा सुरक्षारक्षक, आणि मेट्रनच्या केबिनमध्ये एक जाडजूड फाइल.

फाइलबद्दल मला तक्रार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७मध्ये मोठ्या संख्येने येणाऱ्या जखमींच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१६मध्ये रुग्णालय सुरक्षेची काढली. दोन्ही चांगली आहेत. अडचण अशी की ती तत्त्वं खाली झिरपता झिरपता प्रत्येक रुग्णालयात एका तक्त्याचं रूप घेतात. वर वैद्यकीय अधीक्षक, खाली निवासी वैद्यकीय अधिकारी, मग शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, पुढे औषधनिर्माता, भांडारपाल, आणि सगळ्यात शेवटी ‘नर्सिंग स्टाफ: आदेशानुसार मदत करणे’. हा तक्ता दिवसा अकरा वाजता खरा असतो. रात्री अकराला त्यातली वरची सगळी माणसं घरी असतात आणि शेवटची ओळ तेवढी रुग्णालयात उभी असते.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगते. गावाचं नाव सांगत नाही, रुग्णालयाचंही नाही. तो काही हल्ला नव्हता, लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो घाटात उलटला होता. पण एकदम आलेल्या जखमींपुढे रुग्णालयाचं काय होतं, ते कळायला कारण कुठलंही चालतं. कॅज्युअल्टीत एक डॉक्टर, मी, नुकतीच रुजू झालेली एक मुलगी आणि एक मावशी. फोन नाही, निरोप नाही. आधी एक जीप आली. तिच्यातून आठ-नऊ जण आपल्या पायांनी उतरले. कुणाच्या कपाळाला खोक, कुणाचा हात मोडलेला, एक बाई सारखी किंचाळत होती. आमच्या चारही खाटा त्यांनी भरल्या. डॉक्टर टाके घालायला बसले. पंधरा मिनिटांनी दुसरी गाडी आली, तिच्यातली माणसं आडवी होती. त्यांना जागाच उरली नव्हती. ट्रॉल्या संपल्या होत्या. एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला लोकांनी दाराशी जमिनीवर ठेवलं आणि ते दुसऱ्याला आणायला धावले.

तो मुलगा ओरडत नव्हता. अंगावर रक्त नव्हतं. नवा सदरा होता, खिशाला वऱ्हाड्यांना लावतात तसं गुलाबाचं फूल टाचलेलं होतं. मी त्याच्यावरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा जाताना सहज हात लावला, तर हात बर्फासारखा गार, नाडी धाग्यासारखी बारीक आणि पोट ताठ. आत रक्तस्राव चालू होता. सतरा जखमींमध्ये सगळ्यात शांत तोच होता आणि सगळ्यात आधी तोच बघायला हवा होता. पहाटे तो गेला. तो मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचला असता तर वाचला असता का, हे मला सांगता येणार नाही. पण मी त्याला दोनदा ओलांडलं, हे मात्र मला माहीत आहे.

कॅज्युअल्टीच्या बाहेर एक काचेचं कपाट होतं. त्यावर लाल अक्षरांत ‘आपत्कालीन साहित्य’. आत रंगीत चिठ्ठ्या, जादा सलाईन, रक्त थांबवायचे पट्टे, स्ट्रेचरच्या घड्या, सगळं होतं. किल्ली भांडारपालाकडे, आणि भांडारपाल शेजारच्या गावी राहणारा. अर्ध्या तासाने मदतीला आलेल्या वॉर्डबॉय मामाने सलाईन स्टँडने कुलूप तोडलं. आठवड्याभराने शासकीय मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागवण्यात आला. मी तो दिला. मुलाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

हे मी मन मोकळं करायला सांगत नाही. सामूहिक इजेच्या प्रसंगाचा क्रम जवळजवळ नेहमी असाच असतो म्हणून सांगते. चालता येणारे आधी पोहोचतात, कारण ते चालू शकतात. ते जवळच्या रुग्णालयात जातात आणि दाराजवळची जागा अडवतात. खरे गंभीर रुग्ण मागाहून येतात. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी जखमींना चादरींत घालून, मिळेल त्या टॅक्सीत, रिक्षात टाकून रुग्णालयांत नेलं. ती माणुसकी मुंबईची शान आहे आणि तिच्यामुळे माणसं वाचली. पण टॅक्सीवाल्याला ठाऊक असतं ते सगळ्यात जवळचं फाटक. कुठे न्यूरोसर्जन आहे आणि कुठे शस्त्रक्रियागृह रिकामं आहे, हे त्याला कुठून कळणार? राज्यात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४मध्ये, ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. म्हणजे २००६ आणि २००८, दोन्ही वेळा तीही नव्हती. आता आहे, तरी मोठ्या घटनेत लोक तिची वाट पाहत थांबणार नाहीत, आणि थांबूही नये.

म्हणून निवड फाटकावर व्हायला हवी, खाटेपाशी नव्हे. ट्रायाज म्हणतात ते हेच. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने, हिरवा म्हणजे थांबू शकेल असा, आणि काळा, त्याच्याबद्दल पुढे सांगते. त्यासाठी यंत्र लागत नाही. जो चालू शकतो त्याला बाजूला हिरव्यात पाठवायचं. उरलेल्यांचा श्वास मोजायचा. मिनिटाला तीसच्या वर गेला तर लाल. नख दाबून सोडायचं. रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर लाल. ‘माझं बोट धर’ म्हणायचं. साधी सूचना पाळता आली नाही तर लाल. एका माणसाला एक मिनिटही लागत नाही. त्या मुलापाशी मी पहिल्यांदा आले तेव्हाच नख दाबलं असतं तर मला कळलं असतं. मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात अर्धं पान होतं, परीक्षेला चार गुणांची टीप यायची.

अनेक ठिकाणी आराखड्यात ट्रायाजची जबाबदारी वरिष्ठ सर्जनवर टाकलेली असते. मला हे उलटं वाटतं. जिथे तीन डॉक्टर आहेत तिथे त्यांचे हात टाके घालायला, छातीत नळी टाकायला, रक्तस्राव बांधायला लागतात. फाटकावर उभं राहून दर मिनिटाला एक चिठ्ठी बांधण्याचं काम अनुभवी परिचारिका नीट करू शकते. ती तसंही रोज करतेच. ओपीडीच्या रांगेतून ‘या आजीबाईंना आधी आत घ्या’ असं सांगणारी सिस्टर ट्रायाजच करत असते, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं आणि अधिकारही नसतो.

डॉक्टर मित्र इथे हरकत घेतात. ती मनापासूनची असते, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, सिस्टरने चुकीची चिठ्ठी बांधली आणि रुग्ण दगावला तर जबाबदार कोण? विशेषतः काळी चिठ्ठी. आपल्या कायद्याने मृत घोषित करणं डॉक्टरचंच काम आहे, आणि तसंच असावं. पण काळ्या चिठ्ठीत जसा मेलेला येतो तसा श्वास चालू असलेला, पण आत्ता हाती असलेल्या माणसांत आणि साधनांत वाचवता न येणाराही येतो. एरवीच्या दिवशी सगळ्यात गंभीर रुग्णावर आपण सगळं बळ लावतो. त्या रात्री तसं केलं तर त्याच्यापायी वाचू शकणारे चार जण जातात. हा उलटा हिशेब मनाला फार टोचतो. तीस वर्षांनंतरही मला तो सहज करता येणार नाही. म्हणूनच तो रात्री दोन वाजता, एकट्या बाईने, तिच्या जबाबदारीवर करायचा नसतो. रुग्णालयाने दिवसाउजेडी, शांत डोक्याने, डॉक्टर-परिचारिका-प्रशासन एकत्र बसून तो नियम आधी लिहायचा, त्यावर अधीक्षकांनी सही करायची, आणि सिस्टरने फक्त तो पाळायचा. चूक झाली तर ती नियमाची चूक म्हणून तपासायची. जबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवता येतं. आज ते ठरलेलं नसतं, म्हणून नंतर सगळ्यात खालच्या माणसाच्या गळ्यात ते पडतं.

कसं पडतं ते आपण पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, त्यातली दहा गेली, सात वाचली. कारवाईत वरचे अधिकारी होते, तसंच कंत्राटी परिचारिकांच्या सेवाही संपवल्या गेल्या, पुढे दोघींवर गुन्हाही नोंदला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण गेले, तेव्हा एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. निष्काळजीपणा झाला असेल तर तपासा, शिक्षा करा, मी आड येणार नाही. ज्या आईचं बाळ गेलं तिला उत्तर मिळालंच पाहिजे. पण मला विचारायचं आहे की त्या सिस्टरना आग लागल्यावर काय करायचं ते त्या कक्षात उभं करून, हात धरून, कितीदा शिकवलं होतं? कुठल्या क्रमाने बाळं उचलायची, दार उघडायचं की बंद ठेवायचं, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा अधिकार कुणाला? तिच्याकडून निर्णयाची अपेक्षा धरायची आणि निर्णयाचं शिक्षण व अधिकार द्यायचे नाहीत, हा अन्याय आहे.

कंत्राटाचा मुद्दा इथेच येतो. तो लोकांना वेगळा वाटतो, मला तो याच प्रश्नाचा गाभा वाटतो. २०२२च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध संपावर गेल्या. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या ‘पगारासाठी संप’, ‘रुग्णांचे हाल’ अशा. हाल झाले, हे खरं. पण त्या मागणीत एक गोष्ट दडलेली होती, ती आम्हालाही नीट सांगता आली नाही. एजन्सीकडून आलेली मुलगी आज इथे, सहा महिन्यांनी दुसरीकडे. ती हुशार असेल, माझ्यापेक्षा चपळ असेल, सलाईन माझ्याआधी लावेल. पण मागच्या जिन्याचं दार पावसाळ्यात फुगतं आणि खांद्याने ढकलावं लागतं, हे तिला माहीत नसतं. ड्रेसिंगचा जादा ड्रम कुठल्या मोरीशेजारी ठेवलेला असतो, जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, ब्लड बँकेचा इंटरकॉम बंद असला तर कुणाला पळवायचं, हेही नसतं. हे कुठल्याही प्रमाणपत्रावर येत नाही. ती जागेची आठवण असते. कामा रुग्णालयातल्या त्या वॉर्डात त्या रात्री आठवड्यापूर्वी आलेली मुलगी असती, तर तिने जिवावर उदार होऊनही बायकांना पॅन्ट्रीतच नेलं असतं का? कदाचित नेलं असतं. मला त्या ‘कदाचित’वर वीस बायका सोपवाव्याशा वाटत नाहीत.

संख्या तर आहेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या साध्या वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं प्रमाण धरलं जातं. मी चाळीस-पन्नास रुग्णांच्या वॉर्डात रात्र एकटीने काढली आहे, एकदा नव्हे, शेकड्याने. माझ्या बरोबरीच्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

बॉस्टन शहरात १५ एप्रिल २०१३ला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन स्फोट झाले. तिघे जागीच गेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले, कित्येकांचे पाय तुटले होते. पण रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्यांपैकी एकही दगावला नाही. शहरात मोठी ट्रॉमा केंद्रं होती, रस्त्यावर शर्यतीसाठीचे वैद्यकीय तंबू आधीच उभे होते, आणि रुग्णालयांनी अशा प्रसंगाचा सराव वर्षानुवर्षं केला होता. आणखी एक कारण मला नेहमी आठवतं. स्फोट झाले दुपारी दोन एकोणपन्नासला. तीन वाजता पाळी बदलत होती. सकाळच्या सिस्टर अजून गेल्या नव्हत्या आणि दुपारच्या आल्या होत्या. वॉर्डात दुप्पट हात होते. आमच्या भाषेत, ‘ओव्हर’ चालू होता. सीएसटीवर गोळीबार झाला तो रात्री दहाच्या सुमारास, म्हणजे ओव्हर संपून जेमतेम माणसांवर रात्र सुरू झाल्यावर. परिचारिकांची संख्या हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो म्हणतात, त्याचा याहून ढळढळीत दाखला मला माहीत नाही.

पैशाची अडचण मला कळते. बॉस्टनसारखी ट्रॉमा केंद्रं तालुक्याला येणार नाहीत. पण मी मागते आहे त्यातलं बरंचसं फुकटात होण्यासारखं आहे. आपत्कालीन कपाटाची किल्ली कॅज्युअल्टीच्या इनचार्ज सिस्टरकडे, आणि तिच्या ड्युटीनंतर पुढच्या सिस्टरकडे, ओव्हरमध्ये औषधांच्या हिशेबाबरोबर. याला किती खर्च येतो? अधीक्षकांच्या सहीचा एक कागद, की अमुक संख्येपेक्षा जास्त जखमी एकदम आले तर कॅज्युअल्टीची वरिष्ठ सिस्टर स्वतः आपत्कालीन स्थिती जाहीर करेल, वसतिगृहातून माणसं बोलावेल, कपाट फोडावं लागलं तर फोडेल, आणि तिला खुलासा मागितला जाणार नाही. आजही कितीतरी ठिकाणी सिस्टर आधी सीएमओला, म्हणजे कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, सीएमओ आरएमओला, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला, आरएमओ अधीक्षकांना फोन करतो, आणि अधीक्षक प्रवासात असतात.

आणि सराव. मॉक ड्रिल होतं, नाही असं नाही. सकाळी अकराला होतं, पाहुणे येतात, प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनींच्या कपाळाला लाल रंग लावून त्यांना ट्रॉलीवर झोपवतात, फोटो निघतात, चहा होतो. त्या विद्यार्थिनी बिचाऱ्या खूप मनापासून कण्हतात. त्यातून काहीच मिळत नाही असं नाही, पण निदान वर्षातून एकदा ते न सांगता, रात्री एकला, दिवे घालवून करायला हवं. त्यात कण्हणाऱ्यांपेक्षा गप्प पडून राहणाऱ्या दोन मुली ठेवायला हव्यात, आणि त्या किती वेळाने सापडतात ते मोजायला हवं. एवढं एक मोजलं तरी रुग्णालयाला स्वतःबद्दल खूप कळेल.

मृतांचंही असंच आहे. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. केईएम रुग्णालयात मृतदेहांच्या कपाळावर क्रमांक लिहिले गेले, त्यांचे फोटो लावले गेले आणि शहर संतापलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की एवढ्या गर्दीत ओळख पटवताना गोंधळ होऊ नये, नातेवाइकांना एकेक मृतदेह पाहत फिरावं लागू नये, म्हणून ते केलं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. क्रमांक द्यावाच लागतो. तो कुठे लिहायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्या गर्दीत, पुढ्यात आक्रोश करणारे शेकडो लोक असताना तो सुचण्याची अपेक्षा कुणाकडून करू नये. मनगटाला बांधायच्या पट्ट्या, नोंदीची कोरी पानं, आणि नातेवाइकांशी बोलायला नेमलेली एक सिस्टर व एक समाजसेवा अधीक्षक, हे आधी ठरलेलं असतं तर त्या घरांचं दुःख तेवढ्यापुरतं तरी कमी झालं असतं. मला हा भाग शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा वाटतो. माणूस गेल्यावरही त्याची काळजी घेणं हे परिचर्येचंच काम आहे. शेवटचा स्पंज, म्हणजे अंग पुसून घेणं, आम्हीच करतो.

पोलिसांच्या कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तरुण सिस्टर अजून घाबरतात. १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की आधी उपचार, मग पंचनामा. एमएलसीचा, म्हणजे पोलिसांत नोंदवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा, नंबर पडेपर्यंत रुग्णाला थांबवायचं कारण नाही.

रुग्णालयावरच हल्ला होईल, ही गोष्ट आपल्याला अजून अपवाद वाटते. जगात ती अपवाद राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये अफगाणिस्तानातल्या कुंदुझला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला, ४२ माणसं गेली, त्यात रुग्ण होते आणि तिथलेच कर्मचारी होते. पुढच्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाचा ठराव करून वैद्यकीय सेवेवरच्या हल्ल्यांचा निषेध केला. हल्ले थांबलेले नाहीत. आपल्याकडे युद्ध नाही, पण रुग्ण दगावला की जमाव आत शिरतो, आणि त्यासाठी २०१०मध्ये राज्याला कायदा करावा लागला. आतून कडी लागणारं वॉर्डाचं दार दहशतवाद्यापासून वाचवतं, तसंच त्या जमावापासूनही. म्हणजे ही तयारी कधीतरी येणाऱ्या रात्रीसाठी नाही, आजच्या नाइटसाठीही आहे.

निवृत्त झाल्यावर मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते. गेल्या महिन्यात शेवटच्या वर्षाच्या बारा मुलींना घेऊन एका वॉर्डात गेले, इनचार्ज सिस्टरची परवानगी काढून. त्यांना सांगितलं, तुमच्या मनाने ठरवा, आत्ता फाटकावर गोळ्या सुटल्या तर या चौतीस रुग्णांना कुठे नेणार? त्या सगळ्या भिंतींकडे बघायला लागल्या. एकीने बाथरूम म्हटलं, दुसरीने त्याची काचेची झडप दाखवली. मग त्यांनी एकेक दार ओढून पाहिलं. तीन दारांपैकी मागच्याची कडी आतून लागतच नव्हती, चौकट खाली सरकली होती. किती दिवस, कुणाला माहीत नव्हतं. आम्ही ते रिपोर्ट बुकात लिहिलं आणि इनचार्ज सिस्टरने सुतारकामाचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरून पाठवला. परवा फोन करून विचारलं. इंडेंट मंजुरीसाठी वर गेला आहे.